रंगाआधीचे काम : शाळेच्या जुन्या ट्रकची घासाई आणि प्राइमर

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, सत्कारांचे वृत्तान्त असतात, देणगीदारांची नावे असतात. या वेळी संपादक मंडळाने आम्हा काही माजी विद्यार्थ्यांना निराळा विषय दिला. शाळेच्या जुन्या ट्रकला गेल्या हिवाळ्यात आम्ही वसतिगृहामागच्या पटांगणात स्वतःच्या हाताने नवा रंग दिला. ते काम कसे केले हे सविस्तर लिहावे, अशी त्यांची सूचना होती. रंग देण्यास दोन दिवस लागले. त्याआधीचे घासण्याचे आणि प्राइमर लावण्याचे काम मात्र सोळा दिवस चालले. म्हणून हा लेख मुख्यतः त्या सोळा दिवसांचा आहे. ज्यांच्या दारात जुना ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा नुसते लोखंडी फाटक उभे आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

हा ट्रक कोणाला ठाऊक नाही? सुगीनंतर गावोगावच्या धम्मबांधवांनी दिलेली ज्वारी, तूर आणि गहू त्यातूनच कोठीत येतात. उन्हाळ्याची सुट्टी संपली की मुलांच्या पत्र्याच्या पेट्या आणि वळकट्या एस.टी. स्थानकावरून त्यातूनच वसतिगृहात पोचतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना भोजनदानाची मोठी पातेली त्यातच चढवली जातात. आमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी शाळेचे नाव पहिल्यांदा वाचले, किंवा कोणाकडून वाचवून घेतले, ते या ट्रकच्या फाळक्यावर.

फसलेला पहिला प्रयत्न

दोन वर्षांपूर्वी आम्ही हा ट्रक एकदा रंगवला होता आणि ते काम फसले होते. हे आधीच सांगून टाकणे बरे. चौदा एप्रिल जवळ आला होता. वर्गणी जमली होती. त्यात शेतमजुरी करणाऱ्या आणि बांधकामावर जाणाऱ्या पालकांचे पैसे होते. आम्ही ट्रक पाण्याने धुतला, वरवर काचकागद फिरवला आणि दोन हात रंग ओढला. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रक असा झळकला की आमचे फोटो निघाले. आषाढात दारांच्या खालच्या कडेला फोड आले. पोळ्यापर्यंत पापुद्रे सुटले आणि शाळेच्या नावातील दोन अक्षरे गळून पडली. मुले उरलेली अक्षरे जोडून वाचत आणि हसत. एका पालकांनी मात्र गंभीरपणे विचारले, “शाळेची परिस्थिती बरी नाही काय?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पैसे गरिबांचे होते आणि ते आम्ही एका पावसाळ्यात वाहून जाऊ दिले होते.

एका विद्यार्थ्याच्या आजोबांची हयात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली आहे. आम्ही सारे त्यांना मिस्त्रीबाबा म्हणतो. त्यांनी नखाने एक पापुद्रा उचलला, उलटा करून आमच्यापुढे धरला. त्याची आतली बाजू तांबडी भुरभुरीत होती. ते म्हणाले, “पोट्टेहो, तुमचा रंग लोखंडावर बसलाच नाही. तो त गंजावर बसला होता. गंज सुटला, त्याच्या संगं रंग गेला.”

या लेखात पुढे जे काही आहे, ते या वाक्याचाच विस्तार आहे.

रंग का सुटतो

लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळाले की गंज चढतो. गंज ज्या लोखंडापासून तयार होतो त्याच्यापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. रंगाच्या थराखाली असा गंज वाढू लागला की तो रंगाला आतून वर उचलतो; प्रथम फोड येतो, मग तडा जातो, मग त्या तड्यातून आणखी पाणी आत शिरते. गंज सच्छिद्र असल्यामुळे ओल धरून ठेवतो. म्हणजे वरून कितीही उंची रंग लावला तरी खालचे काम चालूच राहते.

धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडातून उपजून लोखंडालाच खाणाऱ्या गंजाचा दृष्टांत आहे. शाळेत असताना भन्तेजींच्या तोंडून तो आम्ही अनेकदा ऐकला होता, पण तो दृष्टांत किती काटेकोर आहे हे दाराच्या कडेला पेचकस टोचला आणि तो आरपार गेला, तेव्हा कळले.

रंग सुटण्याची दुसरी दोन कारणे आहेत : तेलकटपणा आणि गुळगुळीतपणा. ग्रीस, डिझेल किंवा मेणाच्या पॉलिशच्या थरावर कोणताही रंग पकड घेत नाही. जुना चकचकीत रंग स्वच्छ असला तरी तो इतका गुळगुळीत असतो की नव्या थराला धरायला जागा मिळत नाही. घासल्याने पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे उमटतात आणि प्राइमर त्यांत रुतून बसतो.

आधी पाहणी, मग काम

पहिला संपूर्ण दिवस आम्ही एकही कागद हातात घेतला नाही. खडू घेऊन ट्रकभोवती फिरलो. जिथे पाणी साचते तिथे गंज असतो : दारांच्या खालच्या कडा, समोरच्या काचेच्या रबराखालची पट्टी, केबिनच्या छताची पन्हळ, पायदाण, चाकांवरचे पत्रे, हौद्याच्या तळाचे सांधे. खताची पोती किंवा मीठ वाहिलेल्या गाडीचा हौदा विशेष तपासावा, कारण या क्षारांनी गंज वेगाने वाढतो.

गंजाचे आम्ही तीन प्रकार केले आणि तीन खुणा ठरवल्या. वरवरची तांबूस झाक असेल तर एक रेघ. पापुद्रे आणि खड्डे असतील तर दोन. पेचकसाच्या टोकाने पत्रा दबत असेल तर फुली. फुलीची जागा पुटीने बुजवता येत नाही. तिथला कुजका पत्रा कापून नवा तुकडा वेल्डिंगने बसवावाच लागतो. पुटी पाणी शोषते. मागून ओल आली की सहा महिन्यांत तिचा ढेकूळ बाहेर पडतो. जुन्या पुटीच्या जागा शोधण्यास लोहचुंबक कामी येतो. पातळ कापडात गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे पकड ढिली होईल तिथे खाली पुटीचा जाड थर आहे असे समजावे.

जुना रंग सगळीकडे खरवडून काढण्याची गरज नसते. जो रंग पत्र्याला घट्ट धरून आहे, तो नव्या रंगाचा चांगला पाया होतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ब्लेडने रंगावर जवळजवळ उभ्याआडव्या रेघा माराव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर तो रंग काढावा. जागेवर राहिल्या तर ठेवावा. दुसरी परीक्षा थिनरची. थिनरने भिजवलेला फडका एका कोपऱ्यात थोडा वेळ धरावा. रंग मऊ पडला किंवा सुरकुतला, तर त्यावर तीव्र थिनरचा प्राइमर थेट लावता येणार नाही हे आधीच कळते.

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत, बॅटरीची तार सुटी करावी. दिवे, आरसे, वायपर, क्रमांकाच्या पाट्या काढून ठेवाव्यात. काचा आणि रबरे मास्किंग टेप व जुन्या वर्तमानपत्रांनी झाकावीत. चेसिसवर ठोकलेला क्रमांक कोठे आहे हे आधी शोधावे आणि त्यावर ग्राइंडर चालवू नये, पुटीही भरू नये. तपासणीत तो वाचता आलाच पाहिजे. रंगच बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावे, कारण नोंदणीच्या कागदावर गाडीचा रंग लिहिलेला असतो. आम्ही जुनाच निळा रंग कायम ठेवला.

धुणे आणि तेल काढणे

घासण्याआधी धुवावे, घासल्यानंतर धुऊन उपयोग नाही. तेलकट पत्र्यावर कागद फिरवला तर तेल ओरखड्यांत शिरते आणि मग निघता निघत नाही. आम्ही ट्रक कपड्याच्या साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला, सांध्यांतील माती तारेच्या ब्रशाने काढली आणि एक दिवस उन्हात वाळू दिला. त्यानंतर टर्पेंटाइनचा हात. याला दोन फडके लागतात : एकाने ओले पुसायचे आणि ते सुकण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. एकाच फडक्याने पुसले तर तेल इकडचे तिकडे होते. रॉकेल किंवा डिझेलने पुसण्याची सवय अनेकांना आहे. त्यांचा तेलकट थर मागे राहतो. पेट्रोल तर वापरूच नये. ठिणगी कुठून येईल सांगता येत नाही.

घासाई

काचकागदाच्या पाठीवर आकडा असतो. आकडा लहान तितका कागद खरखरीत, आकडा मोठा तितका बारीक. ८० चा कागद गंज आणि रंग काढतो, पण खोल ओरखडे पाडतो. १२० आणि १८० त्या ओरखड्यांना कमी करतात, २४० आणि ३२० त्यांना जवळजवळ नाहीसे करतात. प्रत्येक कागदाचे काम आधीच्या कागदाच्या खुणा पुसणे हे असते. ८० वरून थेट ३२० वर उडी मारली तर हात दुखतो, कागद संपतो आणि ओरखडे तसेच राहतात. रंग चढल्यावर ते उन्हात स्पष्ट दिसतात. आमचा पहिला रंग अशाच घाईचा होता.

गंजाच्या जागी आधी खरवडणी आणि तारेचा ब्रश, मग ८० चा कागद, लोखंड पांढरे चमकेपर्यंत. ग्राइंडर एका जागी धरू नये. पातळ पत्रा तापून वाकतो. खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरतात, ते कागदाने जात नाहीत. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक द्रावण मिळते. ते रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे आणि सूचनेप्रमाणेच धुऊन अथवा पुसून, पत्रा पूर्ण कोरडा करावा. आम्ल मागे राहिले तर त्यावर इपॉक्सी प्राइमर नीट पकडत नाही. हे आम्ल उरलेल्या गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे; त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक रक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या आय.आय.टी.मधील संशोधनातून दिसून आले आहे. आपल्या बाटलीतले द्रावण तेवढी वर्षे देणार नाही, पण तत्त्व त्याच घराण्याचे आहे.

उघडे लोखंड आणि जुना रंग जिथे मिळतात, तिथे एक पायरी तयार होते. ती पायरी तशीच ठेवली तर शेवटच्या रंगातही नकाशाच्या रेषेसारखी दिसते. ती उतरती करण्यासाठी कडेपासून बाहेर बाहेर घासत जावे लागते, आधी ८०, मग १२०, १८०, २४०. डोळे मिटून तळहात फिरवावा. पायरी हाताला लागली नाही की काम झाले. डोळ्यांपेक्षा तळहात अधिक प्रामाणिक असतो, हे मिस्त्रीबाबांनी आम्हांला शिकवले.

सपाट पत्र्यावर कागद कधीही नुसत्या बोटांनी धरू नये. बोटांच्या दाबाने चर पडतात. लाकडाच्या किंवा कडक रबराच्या ठोकळ्याला कागद गुंडाळावा. आधी एका तिरक्या दिशेने, मग तिला छेद देऊन दुसऱ्या दिशेने घासावे. कोपऱ्यांत आणि खिळ्यांच्या डोक्यांभोवती भांडी घासण्याच्या जाड हिरव्या चौकोनासारखा घासचौकोन उपयोगी पडतो.

पाणी लावून घासावे की कोरडे, हा प्रश्न नेहमी येतो. जुना रंग वॉटर पेपरने ओलाच घासावा, त्याने धूळ उडत नाही. उघडे लोखंड आणि पुटी मात्र कोरडीच घासावी. उघड्या लोखंडावर पाणी पडले की काही वेळातच तांबूस झाक येते, आणि पुटीने पाणी प्यायले की तिच्यावरचा प्राइमर पुढे फुगतो. म्हणून क्रम असा ठेवला : आधी सर्व जुना रंग ओला घासून, धुऊन, वाळवून घेतला, नंतर गंजाच्या जागा कोरड्या घासल्या.

मुलांना दूर ठेवण्याविषयी

पहिल्या खेपेस आठवी-नववीची मुले मदतीला आली होती आणि आम्हांला ते कौतुकाचे वाटले होते. त्यांनी उघड्या हातांनी रंगाची धूळ झाडली, त्याच हातांनी ती पंगतीला बसली. आज ते आठवले की आमची मान खाली जाते.

जुन्या गाड्यांच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिशाचे क्षार असू शकतात. शिशाची रक्तातील कोणतीही पातळी सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, आणि मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा दुष्परिणाम सर्वांत अधिक होतो. आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो नियम घरगुती रंगांचा आहे. वीस वर्षांपूर्वी ट्रकवर चढलेल्या रंगाला तो लागू नव्हता. म्हणून जुन्या रंगाची धूळ विषारी आहे असे धरूनच वागावे.

या खेपेस आम्ही पटांगणाला दोरी बांधली आणि अठरा वर्षांखालील कोणालाही आत येऊ दिले नाही. काम करणाऱ्यांनी नाक-तोंड घट्ट झाकणारे धुळीचे मास्क वापरले. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. ट्रकखाली प्लास्टिकचा कागद अंथरला, घासणीचा चिखल त्यावर गोळा केला, पिशव्यांत बांधला आणि घातक कचरा म्हणून वेगळा ठेवला. तो चिखल ना परसबागेत गेला, ना विहिरीकडच्या नालीत. जेवणाआधी हात-तोंड साबणाने धुतले आणि कामाचे कपडे वसतिगृहात नेले नाहीत. मुले दोरीबाहेरून पाहत होती. त्यांना आम्ही दुसरे काम दिले : रोज सकाळी कोणत्या खुणेवर काय काम झाले याची वही त्यांनी ठेवली. तीच वही पुढे ठेवून हा लेख लिहिला आहे.

प्राइमर : कोणता आणि कसा

प्राइमरला तीन कामे असतात : लोखंडाला धरणे, पाणी अडवणे आणि वरच्या रंगाला पकड देणे. एकच डबा ही तिन्ही कामे सारखी करील असे नाही.

रेड ऑक्साइड सर्वांच्या ओळखीचा आहे. तो स्वस्त असतो, ब्रशाने लागतो आणि चेसिस, हौद्याची चौकट, फाटक यांना पुरेसा होतो. पण जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर तो थेट लावू नये. जस्ताशी त्यातील तेलकट घटकांची प्रक्रिया होऊन थर सुटतो. तिथे आणि ॲल्युमिनियमवर इपॉक्सी किंवा त्यासाठीच बनवलेला एच प्राइमर लागतो. उघड्या पोलादावर दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर उत्तम, कारण तो पाणी चांगले अडवतो. पिवळा झिंक क्रोमेट पूर्वी फार वापरत. त्यातील क्रोमियम कर्करोगकारक असल्याने आम्ही तो टाळला आणि इतरांनीही टाळावा. सरफेसर नावाचा जो राखाडी प्राइमर असतो, त्याचे काम बारीक ओरखडे भरून सपाटी आणण्याचे. तो सच्छिद्र असतो. नुसता सरफेसर मारून गाडी पावसात उभी ठेवली तर तो पाणी पितो आणि खाली गंज सुरू होतो.

आम्ही असा क्रम धरला. उघड्या लोखंडावर, ज्या दिवशी ते उघडे केले त्याच दिवशी, इपॉक्सीचे दोन पातळ हात. रात्रभर लोखंड उघडे ठेवायचे नाही, हा नियम एकदाही मोडला नाही. म्हणून रोज तेवढीच जागा घासली जेवढी संध्याकाळपूर्वी झाकता येईल. इपॉक्सी पक्का झाल्यावर १८० च्या कागदाने हलका खरखरीत केला आणि खड्ड्यांवर पुटी, म्हणजे आपली लांबी, भरली. लांबी पातळ थरांनी भरावी, एकदम जाड थापू नये. ती कोरडी घासून घेतल्यावर तिच्यावर पुन्हा प्राइमरचा हात, आणि शेवटी केबिनभर सरफेसर.

दोन डब्यांचे मिश्रण अंदाजाने करू नये. डब्यावर जे प्रमाण असेल ते मापाच्या भांड्याने मोजावे. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळते, ही समजूत चुकीची आहे; थर ठिसूळ किंवा चिकट राहतो. मिसळल्यानंतर किती वेळ थांबायचे आणि किती वेळात संपवायचे हेही डब्यावर असते. उकाड्यात तो वेळ बराच घटतो. म्हणून थोडे थोडेच मिसळावे. दुसरा हात देण्याची जी मुदत असते ती उलटली, तर आधीचा थर पुन्हा घासूनच पुढे जावे.

स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर भाड्याने मिळत होते, तरी प्राइमर आम्ही ब्रश आणि रोलरनेच लावला. दोन डब्यांच्या अनेक प्राइमरांच्या आणि रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. फवारल्यावर त्याचे कण श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो आणि धुळीचा मास्क त्यांना अडवत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो नसेल तर अशा रंगाची फवारणी घरी करूच नये. ब्रशाच्या खुणा राहतात हे खरे, पण त्या पुढच्या घासणीत निघतात. इपॉक्सीचा हार्डनर कातडीला खाज आणतो, म्हणून हातमोजे हवेतच.

हवामानही पाहावे. हिवाळ्यात सकाळी पत्र्यावर दव असते, डोळ्यांना दिसले नाही तरी असते. आम्ही दहानंतर ब्रश हातात घेत असू आणि चारला ठेवत असू. मे महिन्यात उलट अडचण येते : पत्रा इतका तापतो की प्राइमर पसरण्याआधीच त्यातील थिनर उडते आणि थर भुरभुरीत बसतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

शेवटच्या सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ शिडकावा केला आणि तो वाळल्यावर ठोकळ्याने ३२० चा वॉटर पेपर फिरवला. उंच जागेवरचे काळे ठिपके आधी निघाले. खोलगट जागेवर ते राहिले. राहिलेला काळा ठिपका म्हणजे राहिलेले काम. अशा सदतीस जागा निघाल्या. त्या पुन्हा भरल्या, पुन्हा घासल्या. घासताना कुठे लोखंड उघडे पडले तर तिथे पुन्हा प्राइमर लावावा. ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून सोडलेल्या रुपयाएवढ्या जागेतूनच पुढचा पावसाळा आत येतो. सर्वांत शेवटी ४०० चा कागद, स्वच्छ पाणी, पूर्ण वाळवण, मऊ फडका. त्यानंतरच निळा रंग. आणि त्यानंतर परावर्तक पट्ट्या नव्याने : पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल.

कामाचा मान

घासण्याच्या कामाला कोणी पाहायला येत नाही. रंग द्यायच्या दिवशी बरीच मंडळी जमली. त्याआधीचे सोळा दिवस आम्ही आणि मिस्त्रीबाबा एवढेच होतो. एका पालकांनी तर आमच्यातील शिक्षक असलेल्या मित्राला म्हटले, “सर, एवढं शिकून तुम्ही गंज खरवडता?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. हाताला काळे लागणारे काम म्हणजे हलके काम, ही शिकवण आपल्या समाजावर शतकानुशतके लादली गेली. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ज्या माणसाला कोणत्या कागदानंतर कोणता कागद आणि का, हे ठाऊक आहे, त्याचे ज्ञान आमच्या पदव्यांपेक्षा कमी नाही. मिस्त्रीबाबा चौथीपर्यंत शिकले. सोळा दिवस ते आमचे गुरुजी होते आणि आम्ही त्यांना गुरुजी म्हणूनच वंदन केले.

मलवग्गात गंजाच्या दृष्टांताच्या आधीच आणखी एक दृष्टांत येतो : चांदीचे काम करणारा कारागीर जसा चांदीतला मळ थोडा थोडा करून, क्षणोक्षणी काढतो, तसा शहाण्याने आपला मळ काढावा. पहिल्या खेपेस आम्ही सारा मळ एका दिवसात झाकू पाहिला होता. दुसऱ्या खेपेस रोज तीन-चार हात जागा घेतली.

पुढची काळजी

एक पावसाळा गेला आहे. दारांच्या कडा आम्ही पोळ्याला तपासल्या, दिवाळीला तपासल्या. मागच्या फाळक्याच्या बिजागरीपाशी, जिथे लोखंड लोखंडावर घासते, तिथे नखाएवढा गंज आढळला. तो त्याच दिवशी घासला, प्राइमर लावला, रंगाचा ठिपका दिला. अर्धा तास लागला. बाकी ट्रक जसाच्या तसा आहे आणि शाळेच्या नावातील सर्व अक्षरे जागेवर आहेत.

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीच्या महिनाभर आधी खडू घेऊन ट्रकभोवती एक फेरी मारायची, असे आम्ही ठरवले आहे. मुलांनी ठेवलेली वही आता कार्यालयातील कपाटात आहे. पुढच्या तुकडीतील जे विद्यार्थी शाळा सोडून, वयाने मोठे होऊन परत येतील, त्यांनी ती मागून घ्यावी. पहिल्या पानावर मिस्त्रीबाबांचा अंगठा नाही, सही आहे. ती त्यांनी मुलांच्या आग्रहाने, चष्मा पुसून, फार सावकाश केली आहे. कागद आणि ठोकळे खालच्या खणात ठेवले आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!